३२,००० नोट्स जातात कुठे?

नेरुळच्या एका तरुण वादकाने विचारलंय ते थोडक्यात असं. गणपतीसाठी आठ आरत्यांचा संच करायचा आहे. त्यासाठी यामाहाचा क्यूवाय-१०० हा जुना सीक्वेन्सर, म्हणजे वाजवलेलं नोंदवून ठेवून पुन्हा वाजवणारं मशिन, सेकंडहँड घेतला, त्याला बाहेरून मोठा कीबोर्ड जोडला आणि एकेक ट्रॅक वाजवायला सुरुवात केली. मशिनची क्षमता साधारण ३२,००० नोट्स अशी छापलेली आहे. चार आरत्या झाल्या आणि पाचवीत हार्मोनियम भरताना ‘मेमरी फुल’ आलं. त्यांनी बसून मोजलं, तर चारही आरत्यांत मिळून सात हजारांच्या वर नोट्स भरत नाहीत. मशिन बिघडलंय का, मेमरी वाढवता येईल का, की हे सोडून सरळ लॅपटॉप घ्यावा, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

मशिन बिघडलेलं नसावं. मेमरी वाढवता येणार नाही, पण आहे तेवढ्यात आठ आरत्या आरामात बसतील. लॅपटॉपचं शेवटी बोलू. मी ठाण्यात चरईतल्या एका खोलीत गेली वीस-बावीस वर्षं ऑर्केस्ट्रा आणि भक्तिगीतांचं प्रोग्रॅमिंग करतोय. आषाढ लागला की दरवर्षी दोन-तीन जण नेमकी हीच तक्रार घेऊन येतात, आणि जवळजवळ दर वेळी पाणी एकाच ठिकाणी मुरत असतं.

तुम्ही मोजल्या त्या नोट्स. सीक्वेन्सर मात्र कीबोर्डकडून येणारा प्रत्येक संदेश लिहून ठेवतो, आणि नोट हा त्यातला फक्त एक प्रकार आहे. सूर वरखाली ओढणारं बेंड व्हील फिरवलं, मॉड्युलेशनचं चाक फिरवून कंप दिला, व्हॉल्यूमच्या पेडलवर पाय टेकला, किंवा कीबोर्डची की दाबून झाल्यावर बोटाने आणखी जोर दिला, तर या सगळ्याचे संदेश निघतात. तेही एकदोन नाहीत, पाऊस पडल्यासारखे. प्रत्येक संदेशाबरोबर तो कोणत्या क्षणी आला याची नोंद करावी लागते, म्हणून प्रत्येकाला जागा लागते. नोटेपेक्षा थोडी कमी, इतकंच. माहितीपत्रकातला ३२,००० चा आकडा नुसत्या नोट्स वाजवल्या तरचा आहे.

हा पाऊस किती जोराचा असू शकतो, त्याचं गणित सोपं आहे. मिडी, म्हणजे वाद्यांनी एकमेकांना संदेश पाठवायची ठरलेली पद्धत, १९८३ साली आली, तेव्हापासून तिच्या केबलचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट्स असा ठरलेला आहे. एका बाइटला आगेमागे एकेक बिट धरून १० बिट लागतात आणि नोट किंवा बेंडचा संदेश ३ बाइटचा असतो. म्हणजे एक संदेश एका मिलिसेकंदाच्या आत जातो आणि सेकंदाला हजाराहून जास्त संदेश जाऊ शकतात. केबल अशी काठोकाठ वाहू लागली आणि एका संदेशाला एक घर धरलं, तर ३२,००० घरं अर्ध्या मिनिटात भरतील. प्रत्यक्षात तसं कोणी वाजवत नाही. पण चार आरत्यांत मेमरी संपण्यात नवल का नाही, हे यावरून लक्षात येईल.

आता तुमच्याच मशिनवर बघा. पाचव्या आरतीच्या हार्मोनियमच्या ट्रॅकवर एडिटमध्ये जाऊन इव्हेंट लिस्ट उघडा. तिथे माप, मात्रा आणि क्लॉक अशा क्रमाने ओळी दिसतील. गेल्या वर्षी कळव्याच्या एका मुलाचं मशिन माझ्या टेबलावर होतं, त्याची यादी मी त्याला ओळीने वाचून दाखवली होती. एक नोट, व्हेलॉसिटी (म्हणजे की किती जोरात दाबली तो आकडा) ८८. तिच्याखाली चॅनल आफ्टरटच ४, मग ११, १९, २६, ३३, ३३ वरून ३१, पुन्हा ३४... पान संपलं तरी तेच चालू. पुढची नोट यायला तिसाहून जास्त ओळी खाली जावं लागलं. तो मुलगा मुळात पेटीवाला, ठाम बोटाचा. त्याने वाजवलेली प्रत्येक नोट अशी शेपूट घेऊन आली होती.

आफ्टरटच म्हणजे की तळाला टेकल्यावर बोट जो अधिकचा दाब देतं तो. चांगल्या कीबोर्डांत त्यासाठी कींच्या खाली एक पट्टी असते. काही पॅचमध्ये, म्हणजे कीबोर्डमधल्या तयार आवाजांत, त्या दाबाने कंप येतो किंवा सूर उजळतो. हार्मोनियमच्या पॅचवर बहुधा काहीच होत नाही. म्हणजे ऐकू काही येत नाही, आणि मेमरी मात्र जात राहते. समजा दाबलेल्या अवस्थेत कीबोर्ड सेकंदाला ४० संदेश पाठवतोय आणि चार मिनिटांच्या आरतीत तुमची बोटं निम्मा वेळ दाब देतायत. १२० सेकंद गुणिले ४०, म्हणजे ४,८०० संदेश. एका ट्रॅकचे. हार्मोनियम, स्ट्रिंग्ज आणि बासरी असे तीन ट्रॅक तुम्ही त्याच कीबोर्डवरून भरले असतील, तर हिशोब तुमचा तुम्हीच करा.

तेव्हा पहिलं काम, बॅकअप. काहीही पुसण्याआधी चारही आरत्या स्मार्टमीडिया कार्डावर सेव्ह करा. ही कार्डं आता नवी बनत नाहीत, म्हणून एकाच कार्डावर विसंबू नका. केबलने कॉम्प्युटरमध्येही एक प्रत काढून ठेवा. मग जॉब मेनूत फक्त एकाच प्रकारचे संदेश काढून टाकणारा जॉब शोधा. तिथे ट्रॅक निवडा, पहिल्या मापापासून शेवटच्या मापापर्यंत, आणि प्रकार म्हणून फक्त आफ्टरटच. चॅनल आफ्टरटच आणि पॉली आफ्टरटच असे दोन प्रकार असतात, दोन्ही काढा. नोट हा प्रकार चुकून निवडला जात नाही ना, हे बटण दाबण्याआधी दोनदा वाचा. एका ट्रॅकवर करून ऐका. फरक कळला नाही, तर बाकीच्या ट्रॅकवर करा. तुमची निम्म्याहून जास्त मेमरी इथेच परत येईल असा माझा अंदाज आहे.

पण साफसफाई करत बसण्यापेक्षा कचरा आत येऊच न देणं सोपं. मोठ्या कीबोर्डच्या मिडी किंवा कंट्रोलरच्या पानावर आफ्टरटच बंद करता येतो, तो तिथेच बंद करून टाका. सीक्वेन्सरमध्ये रेकॉर्डिंगचा फिल्टर असेल तर तिथेही बंद करा. मग एक परीक्षा घ्या. रिकाम्या ट्रॅकवर रेकॉर्ड लावा आणि कीबोर्डला हात न लावता चार मापं तशीच जाऊ द्या. लिस्ट उघडा. ती कोरी असायला हवी. कोरी नसेल, तर काहीतरी गळतंय. जुन्या कीबोर्डच्या बेंड व्हीलचा किंवा मॉड्युलेशनच्या चाकाचा पॉट, म्हणजे चाक किती फिरलं ते मोजणारा भाग, झिजलेला असतो, त्यावर धूळ बसते, आपल्याकडची पावसाळी हवा त्यात भर घालते, आणि चाक जागच्या जागी उभं असूनही ०, १, ०, १ असे संदेश सुटत राहतात. दुसरी नेहमीची गळती एक्स्प्रेशन पेडलची. वाजवताना पाय त्यावर नुसता टेकलेला असतो, आपल्याला वाटतं स्थिर आहे, पण माणसाचा पाय तेवढा स्थिर राहत नाही. ज्या ट्रॅकला पेडल नको आहे, त्या वेळी त्याची केबलच काढा. एक शंका नेहमी येते, म्हणून सांगतो: मिडी क्लॉक आणि ‘अॅक्टिव्ह सेन्सिंग’ हे केबलमधून अखंड वाहत असतात, पण सीक्वेन्सर ते ट्रॅकवर लिहीत नाही. त्यांची चिंता नको.

इथवरचं ऐकून अनेक जण उत्साहाच्या भरात पिच बेंडही पुसून टाकतात. तसं करू नका. आपल्या संगीतात मींड हा अलंकार म्हणून वरून लावलेला नसतो, सुरातून सुरात जाण्याची ती वाटच आहे. बासरी, शहनाई, सारंगी यातलं काहीही कीबोर्डवर वाजवायचं असेल तर डावा हात व्हीलवर हवाच. तबल्या-ढोलकीच्या बायाँचा घुमाराही बेंडनेच निघतो. माझ्या लेखी मेमरी वाचवायची ती यासाठी: दाबाचे संदेश काढून जी जागा मिळते, ती मींडेवर खर्च करायला.

तरीही बेंड खूप जागा खातो हे खरंच आहे, आणि त्यावरचा उपाय जॉब मेनूत ‘थिन आउट’ नावाने आहे. इतर कंपन्यांच्या मशिनांत ‘डेटा थिन’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. सलग आलेल्या संदेशांतले मधले मधले तो गाळतो. याची तंगडी कुठे अडकते ते नीट समजून घ्या. बेंडच्या संदेशात एकूण १६,३८४ पायऱ्या मावतात, पण अनेक साध्या कीबोर्डांचं चाक प्रत्यक्षात १२८ पायऱ्याच पाठवतं. बेंडची रेंज नेहमीप्रमाणे वर २ आणि खाली २ सेमीटोन असेल, तर ४०० सेंट्स (एका सेमीटोनचे १०० सेंट्स) १२८ मध्ये वाटले जातात आणि एक पायरी ३ सेंट्सच्या आसपास येते. सूर सरकत असताना एवढी पायरी कानाला कळत नाही. एकाआड एक गाळले, तर ती ६ ची झाली, तरी चालून जातं. पण लांब मींड घेता यावी म्हणून रेंज १२ केलीत, तर २,४०० सेंट्स त्याच १२८ मध्ये वाटले जाणार. एक पायरी जवळपास १९ सेंट्सची. त्यातून अर्धे गाळले की ३८. एवढ्या पायरीला मींड राहत नाही, सूर जिना उतरल्यासारखा खडखडत येतो.

मी हे एकदा करून बसलोय. एका भावगीतात शहनाईचा लांब तुकडा होता, रेंज १२ वर ठेवलेली, मेमरी कमी पडायला लागली म्हणून सगळ्या ट्रॅकवर सरसकट थिन आउट केलं आणि हेडफोनवर न ऐकता सेव्ह केलं. दुसऱ्या दिवशी गायिकेने पहिल्याच पीसला थांबवलं आणि म्हणाली, “दादा, शहनाईला उचकी लागलीय.” पुन्हा बसून वाजवावा लागला तो तुकडा. तेव्हापासून मी रेंज गाण्यापुरती ठेवतो. सा ते मध्यम अशी मींड हवी असेल तर ५ सेमीटोन पुरतात, १२ कशाला? आणि थिन आउट एका वेळी एकाच ट्रॅकवर, एकदाच, लगेच ऐकून.

मेमरी वाचवण्याची दुसरी मोठी जागा म्हणजे ठेका. तुमच्या वर्णनावरून वाटतं की तबला आणि टाळ तुम्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग वाजवलेत. हिशोब बघा. केरव्याच्या एका मापात तबल्याचे १२ बोल आणि टाळेचे ४ ठोके धरले तर १६ नोट्स. आरती ९६ मापांची असेल तर १,५३६. तोच ठेका ४ मापांचा पॅटर्न करून ठेवला तर ६४ नोट्स लागतात, आणि पॅटर्न ट्रॅकवर फक्त ‘आता हा वाजव’ एवढी नोंद राहते. आठ आरत्यांपैकी निदान सहा एकाच लयीच्या घरातल्या असतील. त्या सहांना दोन-तीन पॅटर्न आलटून पालटून पुरतात.

यावर ‘मग ठेका यंत्रासारखा वाजतो’ अशी तक्रार येते, आणि ती रास्त आहे. मी असं करतो: ४ मापांच्या पॅटर्नमध्ये चारही मापं हाताने वेगवेगळी वाजवतो, एकच माप चारदा कॉपी करत नाही. चौथ्या मापाच्या शेवटी किंचित उठान देतो. मुखड्यावर येताना वाजणारा तुकडा वेगळ्या छोट्या पॅटर्नमध्ये. आणि शेवटच्या कडव्याला जी लग्गी, म्हणजे चढत्या लयीतला ठेका, लागते, ती पॅटर्नमध्ये टाकतच नाही. साध्या सीक्वेन्स ट्रॅकवर सलग वाजवतो, कारण तिथे लोक टाळ्या वाजवत असतात, लय अंगात आलेली असते, आणि तेवढी आठ-दहा मापं खरी वाजलेली हवीत.

पॅटर्न वापरताना एक शब्द जपून वापरा. कॉर्ग ट्रायटनसारख्या मशिनांत पॅटर्न ट्रॅकवर ठेवायचे दोन मार्ग आहेत, ‘पुट’ आणि ‘कॉपी’. पुटमध्ये नुसता संदर्भ जातो, जागा जवळजवळ लागत नाही, आणि मूळ पॅटर्न बदलला की तो जिथे जिथे ठेवलाय तिथे सगळीकडे बदलतो. कॉपीमध्ये नोट्स खरोखर पुन्हा लिहिल्या जातात. तुमच्या क्यूवायमध्ये ‘एक्स्पांड बॅकिंग’ हा जॉब पॅटर्नची साथसंगत उलगडून साध्या ट्रॅकवर पसरवतो. एखाद्या मापातला एक ठोका बदलायचा म्हणून तो जॉब चालवला की वाचवलेली सगळी जागा एका झटक्यात परत जाते. ठोका बदलायचा असेल तर नवा छोटा पॅटर्न करा.

‘अनडू’ हेही लक्षात असू द्या. मागचं परत आणता यावं म्हणून मशिनला जुना ट्रॅक कुठेतरी धरून ठेवावा लागतो, आणि बऱ्याच मशिनांत ती जागा त्याच मेमरीतून घेतली जाते. म्हणून भरलेल्या मशिनवर मोठा ट्रॅक दुरुस्त करायला गेलं की जागा उरलेली दिसत असूनही मशिन नकार देतं. मी शेवटची १५ टक्के जागा कधी वापरत नाही. तिथवर आलो की गाणं सेव्ह करतो, मशिनमधून काढतो आणि पुढचं घेतो. आठही आरत्या एकाच वेळी मशिनच्या पोटात असण्याचं काही कारण नाही, निदान त्या तयार होईपर्यंत.

नमुन्यांची, म्हणजे सँपलिंगची मेमरी वेगळी असते, हे तुम्ही शंखाचा आवाज भरायचा म्हणालात म्हणून सांगतो. १९८८ च्या आकाई एमपीसी-६० मध्ये सीक्वेन्सरला ६०,००० नोट्सची जागा होती आणि प्रत्यक्ष आवाजाला मूळ मशिनमध्ये जेमतेम १३ सेकंद. नोट म्हणजे ‘काय वाजवायचं’ याची चिठ्ठी, आवाज म्हणजे तो माल. तुमच्या मशिनमध्ये आवाज भरता येत नाही. शंख ऑक्टोपॅडवाल्याकडून वाजवून घ्या.

आता सेव्ह करण्यातला एक सापळा. गाणं मशिनच्या स्वतःच्या स्वरूपात ठेवता येतं, तसंच स्टँडर्ड मिडी फाइल म्हणूनही. दुसरी कुठेही उघडते म्हणून लोक फक्त तीच ठेवतात. पण मिडी फाइलमध्ये पॅटर्न नावाची गोष्टच नाही. फाइल करताना प्रत्येक पॅटर्न जितक्यांदा वाजला तितक्यांदा पूर्ण लिहिला जातो. ६४ नोट्सचा ठेका तिथे पुन्हा १,५३६ चा झालेला असतो. टाइप ० ची फाइल असेल तर सगळे ट्रॅक एकात मिसळतात, ते निराळंच. निदान टाइप १ करता येत असेल तर ती करा.

हे मला वाशीला भावे नाट्यगृहात कळलं. कार्यक्रमाच्या दिवशी माझ्या मशिनचा पडदा गेला, भाड्याने दुसऱ्या कंपनीचं मशिन आणलं, माझ्याकडे मिडी फाइल्स होत्या म्हणून निश्चिंत होतो. पूर्वार्धातली पाच गाणी चढवायला घेतली तर दोनच मावली. पॅटर्न उलगडल्यामुळे प्रत्येक गाणं तिपटीने फुगलं होतं. शेवटी एक गाणं संपलं की ते काढायचं, पुढचं चढवायचं, आणि तेवढा वेळ निवेदिकाबाईंनी बोलत राहायचं असं ठरलं. पडद्याआडून मी अंगठा वर केला की त्या कवीबद्दलचं वाक्य पूर्ण करायच्या. प्रेक्षकांना काही कळलं नाही, पण त्या दोन तासांत माझा शर्ट भिजून गेला होता. तेव्हापासून प्रत्येक गाण्याच्या दोन प्रती ठेवतो: मशिनच्या स्वरूपातली दुरुस्तीसाठी, मिडी फाइल अडीअडचणीसाठी. आणि मिडी फाइल दुसऱ्या मशिनवर कार्यक्रमाच्या आधी एकदा चढवून बघतो.

जुन्या मशिनांत मेमरी जिवंत ठेवायला आत एक छोटी लिथियमची बॅटरी असते. सेकंडहँड मशिनमधली ती कधीची आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. चालू करताना बॅटरीबद्दल काही सूचना आली, किंवा काल भरलेलं आज दिसेनासं झालं, तर आधी बॅकअप आणि मग जाणत्या कारागिराकडून ती बदलून घ्या. बदलताना आतलं सगळं जातं, हे गृहीतच धरा. फ्लॉपीवाली मशिनं ज्यांच्याकडे आहेत त्यांनी तर पावसाळ्याआधीच सगळं उतरवून घ्यावं. बुरशी धरलेली फ्लॉपी स्वतः वाचली जात नाही आणि ड्राइव्हचं हेडही घाण करते.

लॅपटॉपचं. स्टुडिओत बसून गाणी करायची असतील, गायकाचा आवाज भरायचा असेल, तर जरूर घ्या. तिथे मेमरीचा प्रश्नच येत नाही. पण तुम्हाला यंदा मंडपात आठ आरत्या वाजवायच्या आहेत, आणि गणपतीला आता फार दिवस उरलेले नाहीत. क्यूवाय बटण दाबल्यावर लगेच उभा राहतो, वीज गेली तर सहा पेन्सिल सेलवरही चालतो. त्या दहा दिवसांत मंडपातल्या एक्स्टेंशन बोर्डावर लॅपटॉप, इंटरफेस, चार्जर असा संसार मांडण्यापेक्षा मी तुमच्या जागी असतो तर हेच मशिन वापरलं असतं.

आज रात्री बॅकअप घ्या, आफ्टरटच काढा आणि किती टक्के जागा मोकळी झाली ते लिहून ठेवा. उद्या पाचव्या आरतीची पेटी पुन्हा वाजवा, कीबोर्डवर दाब बंद करून. मग आधीची आणि नंतरची टक्केवारी मला कळवा. बेंड व्हील गळत असेल तर त्या आकड्यांवरूनच लक्षात येईल.